वीस रकाने आणि क्रमांक चार

या मित्रांनो, जवळ या. अजून थोडे जवळ सरका. माझा आवाज म्हणजे एका गंजलेल्या चिमट्याची करकर, ती लांबून ऐकू येत नाही. बसा निवांत मांडी घालून. मी तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहे. अर्धी ऐकून उठलात तर तुमच्या जिवाला चैन पडणार नाही, आणि पूर्ण ऐकलीत तरी पडेल याची हमी मी देत नाही. मला तरी अजून पडलेली नाही.

मी एक जुना पॅड आहे. तोच तो, ज्याच्या माथ्यावर लोखंडी चिमटा असतो, आणि ज्याच्यावर कागद अडकवून माणसे उभ्या उभ्या लिहितात. लाकडाचा भुसा दाबून माझी पाठ तयार झाली. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक म्हातारा कारागीर बसायचा. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तो प्रत्येक पॅडच्या चिमट्यात कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ कागद घालायचा आणि हळूच ओढायचा. कागद निसटला तर चिमटा आवळायचा, फाटला तर सैल करायचा. आणि मग मंत्र दिल्यासारखा प्रत्येकाच्या कानात सांगायचा, "घट्ट धर बाबा, पण फाडू नकोस."

मित्रांनो, माझ्या सगळ्या जन्माचे सार त्या दोन शब्दांच्या मध्ये आहे. घट्ट धरणे मला पहिल्या दिवसापासून जमले. न फाडणे म्हणजे काय, ते कळायला मात्र फार वर्षे गेली.

कारखान्यातून मी आलो एका मोठ्या इमारतीत. तिथे माणसांना बरे करणाऱ्यांना शिकवत. इमारतीच्या एका बाजूला, म्हणजे एका पंखात, होणारे डॉक्टर, दुसऱ्यात होणाऱ्या परिचारिका, तिसऱ्यात औषधे शिकणारे आणि चौथ्यात फिजिओथेरपी शिकणारे, म्हणजे आजाऱ्याला पुन्हा उठायला, चालायला लावणारे. छप्पर एक, पण गावे चार. चहाची टेबलेसुद्धा वेगळी. या पंखातला त्या पंखातल्याला जिन्यात धक्का लागला तरच ओळखायचा.

माझी पहिली काही वर्षे हजेरीचे कागद धरण्यात गेली. मग एक दिवस वरून ठरले की, जे उद्या एका खाटेभोवती उभे राहणार, त्यांनी आज एकत्र शिकावे आणि त्यांची परीक्षाही एकत्र व्हावी. चारी पंखांतला एकेक जण घेऊन गट करायचा, समोर आजारी माणूस ठेवायचा आणि दहा मिनिटे बघायचे की हे चौघे मिळून काम करतात की चार दिशांना चार बैल. मला हे ऐकून भरून आले. त्या परीक्षेचा कागद धरायला माझीच निवड झाली होती.

परीक्षेची खोली मला आजही पाठ आहे. एक खाट, एक पडदा, सलाइनचा स्टँड आणि त्यावर नळाचे पाणी भरलेली बाटली. एक फोन, ज्याची तार भिंतीपर्यंत जाऊन संपायची. एका भिंतीला मोठी काच. काचेपलीकडे सर बसायचे, त्यांना आतले दिसायचे, आतल्यांना ते दिसायचे नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बाई बसायच्या आणि त्यांच्या मांडीवर मी.

सर डॉक्टर होते. खिशात पट्टी बाळगणारे. परीक्षेचा कागद त्यांनीच आखला होता, वीस रकान्यांचा. स्वतःची ओळख करून दिली का? रुग्णाशी आदराने बोलले का? आपले म्हणणे इतरांना स्पष्ट सांगितले का? जमले तर खूण, नाही तर रकाना रिकामा. गटाची खूण चौघांनाही, एकट्याची ज्याची त्याला. बारा खुणा मिळाल्या की पास. कागदावर नावे नव्हती, नुसते क्रमांक. का, तर कुणा परीक्षकाने आपल्या पंखातल्याला झुकते माप देऊ नये. माणूस सरळ होता हो, त्यांच्याविषयी मनात किंतु ठेवू नका.

बाई परिचारिकांच्या शिक्षिका. आधी तीस वर्षे वॉर्डात काढलेल्या. सकाळी मला रुमालाने पुसताना त्या देवाचे गाणे गुणगुणायच्या, आणि त्या गाण्याने माझा चिमटासुद्धा जरा मऊ व्हायचा.

आणि खाटेवर आजोबा. ते खरे आजारी नव्हते. निवृत्त ग्रंथपाल होते, आणि परीक्षेसाठी आजाऱ्याचे सोंग घ्यायचे. "चाळीस वर्षं लोकांना ‘शांतता राखा’ सांगण्यात गेली," ते म्हणायचे, "आता जरा मोठ्यानं कण्हायची हौस फेडून घेतो." आणि कसे कण्हायचे! काचेपलीकडे सरांच्या हातातला चहा म्हणे डचमळायचा.

दोन-तीन वर्षे बरी गेली. मग मुलांना रकाने पाठ झाले. थोरल्यांनी धाकट्यांना यादीच दिली. आत शिरताना हसायचे, एक खूण. दुसऱ्याचे वाक्य परत म्हणायचे, दुसरी खूण. आणि जाताना दारात चौघांनी एका सुरात म्हणायचे, "धन्यवाद, टीम!" शेवटची खूण. आजोबा बाईंच्या कानात म्हणाले, "बाई, मी नाटक करतो त्याचा मला चहा मिळतो. ही पोरं माझ्याहून सरस करतात, त्यांना गुण मिळतात."

बाईंना करमत नसे. "सर, रकाने भरतात हो, पण खोली रिकामीच वाटते."

"बाई, वाटण्याला गुण कसे द्यायचे?" सर पट्टी फिरवत म्हणायचे. "वाटणं तुमचं वेगळं, माझं वेगळं. रकाना सगळ्यांना सारखा."

बरोबर दोघांचेही होते. म्हणूनच तर मी तळमळत होतो.

आता एक नियम सांगतो, तो नीट ध्यानात ठेवा. खोलीत खरोखरच काही विपरीत घडले, तर कुणीही मोठ्याने म्हणायचे, "परीक्षा थांबवा." एकदा आजोबांनी बेशुद्ध पडण्याचे सोंग इतके बेमालूम वठवले की एका मुलीने घाबरून ते शब्द उच्चारले. आजोबा टुणकन उठून हसायला लागले. परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि दिवसभराचे वेळापत्रक कोलमडले. सर वैतागले आणि त्यांनी खाली एक ओळ वाढवली. नाहक थांबवल्यास सगळ्या गटाला शून्य. त्यानंतर ते शब्द त्या खोलीत कुणी काढले नाहीत.

आणि मग आली क्रमांक चार.

परिचारिका होणारी मुलगी. सडपातळ, आणि बोलणे म्हणाल तर मोजून मापून. पहिल्या वेळी ती खोलीत आली, आजोबांच्या डोळ्यांवर ऊन येत होते तर पडदा ओढला, पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लागेल असा सरकवला, उशी पालटली. सगळे न बोलता. यातल्या एकालाही रकाना नव्हता. आपले म्हणणे इतरांना स्पष्ट सांगितले का? बाईंची पेन्सिल त्या रकान्यावर बराच वेळ थबकली. मग तशीच पुढे गेली. अकरा. एका खुणेने नापास.

तो कागद माझ्या चिमट्यात होता, मित्रांनो. मी तो घट्ट धरला होता.

आठवड्याने बाई मला घेऊन जिना उतरत होत्या. वळणावर ती भिंतीकडे तोंड करून फोनवर होती. "हो बाबा... हो... पुन्हा नापास झाले तर वर्ष जातं, माहीत आहे... हो, मग सामान बांधून येते." एवढेच. फोन ठेवून तिने बाईंना नमस्कार केला आणि बाजूला झाली. त्या दिवसापासून माझा चिमटा करकरायला लागला. बाईंनी तेल सोडून पाहिले, काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. दाराबाहेर प्रत्येक गटाला एक मिनिट मिळते, बाई मला घेऊन तिथेच उभ्या होत्या. तिच्या गटात होणारा डॉक्टर होता, सगळे त्याला कप्तान म्हणत, कारण तो चालतानाही हुकूम सोडायचा. औषधे शिकणारी ती चष्मा. आणि फिजिओथेरपीवाला रुंद खांद्यांचा, म्हणून पैलवान. क्रमांक चारलाही त्यांनी टोपणनाव दिले होते. मुकी.

"हे बघ मुके," कप्तान म्हणाला, "आत निदान तीन वाक्यं बोल. आधी नाव सांग, मग ‘मी परत सांगते’ म्हण आणि शेवटी आमच्याबरोबर धन्यवाद. जमेल ना?"

"जमेल."

"झालं, एक शब्द खर्चला!" पैलवान हसला. "आता पुढचा दिवाळं काढून बोलेल."

"छळू नका रे तिला," चष्मा म्हणाली. "घंटा व्हायची वेळ झाली."

घंटा झाली. चौघे आत गेले, हसले. खूण. ओळख करून दिली. खूण. आजोबांच्या कमरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजायचे होते. गोळी द्यायची, पहिल्यांदा उभे करायचे, खुर्चीपर्यंत न्यायचे आणि घरी फोन करायचा. कप्तान भराभर सूचना देत होता. बाई मान खाली घालून माझ्यावर खुणा करत होत्या.

तिसऱ्या मिनिटाला आजोबा पुटपुटले, "मला घरी जायचंय... आई वाट बघत असेल."

पैलवानाने हसू दाबले. यंदाचा नवा संवाद झकास होता.

नाडी पाहिली का, हा सहावा रकाना. क्रमांक चारने त्यासाठीच आजोबांचे मनगट धरले होते. बाईंनी खूण केलीसुद्धा. पण तिने मनगट सोडले नाही.

"यांचा हात गार पडलाय," ती म्हणाली.

"बरं, लिहून घे. पुढे," कप्तान म्हणाला.

"घाम फुटलाय. हात थरथरतोय."

"अगं, पाणी लावून येतात ते," त्याने ओठ न हलवता सांगितले. "गप बस."

काचेपलीकडून सरांचा आवाज आला. "चालू ठेवा. वेळ जातोय."

"परीक्षा थांबवा," ती म्हणाली. पण इतक्या हळू की फक्त जवळच्यांनाच ऐकू आले.

"गप बस म्हटलं ना!" कप्तानाने दात आवळले. "सगळ्यांना शून्य मिळेल. तुझं वर्ष जाणारच आहे, आमचं कशाला घालवतेस?"

तेव्हा तिने वर पाहिले. कुणाकडे, सांगू? माझ्याकडे. माझ्या चिमट्यातल्या वीस रकान्यांकडे. घरी परत नेणारी ती वाट तिला माझ्यावर लख्ख दिसत असणार. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला वाटले, चिमटा उघडावा आणि तो कागद वाऱ्यावर सोडून द्यावा. पण मी पडलो पॅड. माझ्या हाती फक्त धरणे.

आणि ती ओरडली. पडदा हलावा असा आवाज त्या एवढ्याशा देहातून निघाला. "परीक्षा थांबवा! हे नाटक नाही!"

बाईंनी मान वर केली. एकदा खाटेकडे पाहिले. पेन्सिल एकीकडे उडाली, मी दुसरीकडे. खाटेच्या पायाला आपटून माझा कोपरा फुटला आणि मी तिथेच कलंडलो. तिथून पुढचे मला चेहरे दिसले नाहीत. फक्त पाय दिसले.

बाईंच्या चपला दाराबाहेर धावल्या. कप्तानाचे चकचकीत बूट आधी दोन पावले मागे गेले, मग तीन पावले पुढे आले. आणि मी त्या परीक्षेत पहिल्यांदा त्याला प्रश्न विचारताना ऐकले. "काय करू या?"

"त्यांचा कोट बघ, खुर्चीवरचा," क्रमांक चार म्हणाली. चष्म्याच्या सँडल खुर्चीकडे गेल्या. कागद खसखसला. "साखर उतरवायच्या गोळ्या आहेत! सकाळची घेतलीय, कप्पा रिकामा आहे."

"आणि पोटात काही नाही. सातपासून तालीम चालू आहे. मघाशी जिन्यात विचारलं तर म्हणाले, चहा नंतर घेतो," क्रमांक चार म्हणाली.

"म्हणजे साखर खाली गेलीय," कप्तान म्हणाला. "शिरेतून द्यायला इथे खरं काही नाही. त्या बाटलीत नळाचं पाणी आहे, तिला कुणी हात लावू नका! आजोबा, ऐकू येतंय? हात दाबा माझा. दाबला! शुद्ध आहे."

"आधी गिळता येतंय का बघा," चष्मा म्हणाली.

पैलवानाचे पाय खाटेच्या उशाशी गेले. "मी मागून टेकू देऊन बसवतो. आडवं पाजू नका, ठसका लागेल."

दारातून दोन पाय आले. एकात वहाण, दुसरा अनवाणी. सर चहाच्या ट्रेमधली साखरेची वाटी घेऊन धावत आले होते. पाठोपाठ बाई वॉर्डातले साखर मोजायचे खरे यंत्र घेऊन आल्या. बोटाला सुई टोचली. "अठ्ठेचाळीस," बाई म्हणाल्या. "सत्तरच्या वर तरी हवी." मग चमचा पेल्यात फिरल्याचा किणकिणाट, आणि क्रमांक चारचा आवाज, "घोट घ्या आजोबा. अजून एक. घाई नाही."

मित्रांनो, ते आठ पाय मी कसे सांगू! एकही दुसऱ्याच्या वाटेत येत नव्हता. एक सरकला की दुसरा आपोआप जागा करून द्यायचा. एखाद्या भजनात टाळ कुणाचा आणि मृदंग कुणाचा हे जसे वेगळे काढता येत नाही, तसे. आणि या सगळ्याची खूण करायला कागदाजवळ कुणी नव्हते. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई टोचली. "बाहत्तर." खाटेवरून क्षीण आवाज आला, "माझा संवाद चुकला का?"

कुणी हसले, कुणी नाक ओढले. "धन्यवाद, टीम" मात्र कुणी म्हटले नाही. आठवलेच नाही कुणाला.

दुपारी सरांच्या खोलीत मी टेबलावर पडलो होतो. माझ्या चिमट्यात तोच कागद. खुणा सहा, रिकामे रकाने चौदा. नियमात नाहक थांबवले तर काय, हे लिहिले होते. कारण असताना थांबवले तर काय, हे लिहायचे राहून गेले होते.

"रिकाम्या रकान्याला गुण कसे देऊ?" सर येरझारा घालत होते. "उद्या दुसरा गट विचारेल, आम्ही दहा मिनिटं राबलो, यांचं तीन मिनिटांत कसं झालं?"

बाईंनी माझा फुटलेला कोपरा रुमालाने पुसला. मग म्हणाल्या, "सर, घामेजलेला माणूस मी दारातून ओळखते. तीस वर्षं तेच केलं. आज तो माझ्यापासून तीन हातांवर होता आणि मला दिसला नाही. का, माहीत आहे? मी पाचव्या-सहाव्या रकान्यात होते."

सर थांबले. माझा चिमटा, कुणी हात न लावता, करकरला.

तेवढ्यात आजोबा आले. सोबत आजी, त्यांचा दंड पकडून. "उपाशीपोटी गोळी घेऊन नाटकं करायला निघतात!" आजींच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "घरी कधी ‘दुखतंय’ म्हणून सांगणार नाहीत आणि इथे येऊन कण्हतात!"

"शांतता राखा," आजोबा सवयीने म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मात्र उतरलेला होता. "सर, तो शून्याचा नियम माझ्या थिल्लरपणामुळे झाला. आज तोच माझ्या उरावर बसला होता. ती पोर घाबरून गप्प राहती तर तिचा काय दोष होता?" मग त्यांनी मला जवळ ओढले. "यात जागोजागी ‘रुग्ण’ लिहिलंय. रुग्णाला हे केलं का, ते केलं का. अहो, रुग्णाला कुणी विचारावं, असा रकाना कुठंय?"

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चिमटा दाबला आणि कागद उलटा करून पुन्हा अडकवला. मागची बाजू कोरी होती. इतकी वर्षे ती कोरीच होती, आणि तिच्याकडे कधी कुणाचे लक्ष गेले नव्हते.

त्यांनी चौघांना एकेक करून आत बोलावले. प्रत्येकाला मी आणि कोरा कागद. "स्वतःबद्दल एक अक्षर नको. बाकीच्या तिघांनी काय केलं, ते लिहा."

चष्म्याने लिहिले, गोळ्या मला सापडल्या हे खरे, पण कोटात बघायचे मला सुचले नव्हते. पैलवानाने चार ओळी लिहिल्या आणि चारीत क्रमांक चारचा उल्लेख. क्रमांक चारने दोन पाने भरली. कप्तानाने शिरेतून काही देणे कसे वेळीच थांबवले, चष्म्याने गिळण्याची कशी आठवण केली, पैलवानाचे हात किती स्थिर होते. स्वतःचे नाव नाही. दुसऱ्यांबद्दल ती किती बोलायची हो, आम्ही तिला तसे कधी विचारलेच नव्हते!

कप्तान शेवटी आला. त्याने इतके दाबून लिहिले की अक्षरे कागदातून माझ्या पाठीवर उमटली. बोट फिरवाल तर आजही हाताला लागतील. ‘मी तिला दोनदा गप बस म्हणालो. ती गप बसली नाही म्हणून आजोबा आहेत. आम्ही तिला मुकी म्हणायचो. बहिरे आम्ही होतो.’ स्वतःबद्दल लिहायचे नाही, हा नियम त्यानेही मोडला होता. सरांनी वाचले, पट्टी खिशात घातली आणि एक अक्षर खोडले नाही.

सरांनी गुण फुकट वाटले नाहीत. कारण असताना थांबवल्यास ती परीक्षा धरू नये आणि गटाला नवी संधी द्यावी, अशी ओळ त्यांनी नियमात वाढवली आणि आठ दिवसांनी चौघांना पुन्हा बोलावले. नवा कागद होता. दुसऱ्याचे ऐकून आपले काम बदलले का, असा एक रकाना. तळाशी रुग्णासाठी एक ओळ. मागची बाजू एकमेकांसाठी. आणि बाईंनी आपला एक नियम घातला. दहा मिनिटे पेन्सिल खाली, नजर वर. लिहायचे ते नंतर.

क्रमांक चार त्या दिवशीही तीनच वाक्ये बोलली. पण प्रत्येक वाक्याला बाकीचे तिघे थांबले. तेरा खुणा. पहिला नंबर नाही, वाहवा नाही. पास. तळाच्या ओळीवर आजोबांनी लिहिले, ‘हिने हात धरला होता, तो नाडीसाठी नव्हता.’ संध्याकाळी जिन्याच्या वळणावर ती पुन्हा फोनवर होती. "नाही बाबा. सामान नाही बांधत."

आता मी म्हातारा झालो. परीक्षक काचेच्या पाट्यांवर बोटाने खुणा करतात. मी खिळ्याला टांगलेला असतो, माझा चिमटा सैल झाला आहे आणि बाई निवृत्त झाल्यापासून कुणी मला पुसत नाही. त्याचे एवढे दुःख नाही. तळमळ वेगळीच आहे. त्या दिवसाच्या आधी किती कागद मी घट्ट धरले! त्यांत किती जण असे असतील, ज्यांनी पडदा ओढला, पेला सरकवला, आणि ज्यांच्यासाठी माझ्यावर रकाना नव्हता? ते कुठे गेले, परमेश्वराला ठाऊक. त्या कारागिराला मी तोंड कसे दाखवू? फाटायचे ते कागद नसतात नेहमी.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, अधूनमधून पुसत जा. आमच्या पाठीवर पुष्कळ काही उमटलेले असते. नियम धराल तेव्हा घट्ट धरा, पण फाडू नका. आणि चौघे मिळून काही कराल, तीन जण घाईत असतील, आणि चौथे कुणी हळूच म्हणेल, "थांबा," तेव्हा त्याला गप करण्याआधी तिची आठवण काढा. तिचे नाव मला सांगता येणार नाही, माझ्या कागदावर ते कधी आलेच नाही. क्रमांक चार, एवढेच म्हणा. तिला पुरेल.